ऊन पाण्याची गोष्ट : वैलापासून अगाशीपर्यंत

गणपतींचे विसर्जन झाले की पितृपक्ष, मग नवरात्र, आणि नवरात्र संपते न संपते तोच घरोघरी अभ्यंगस्नानाची तयारी सुरू होते. उटणे कुठून आणायचे, तेल कोणते घ्यायचे, आणि अलीकडे त्यात तिसरा प्रश्न येतो, तो म्हणजे यंदा गिझर बदलायचा का? माझी नोकरी राज्य सरकारच्या इमारतींच्या विद्युत कामांची, शिक्षण इलेक्ट्रिकल डिप्लोमाचे. त्यामुळे मंडळात भेटणारे काका-काकू हा प्रश्न हटकून मला विचारतात. पाच स्टारवाला घेऊ की गॅसचा? सोलर लावू का? आता म्हणे हीट पंप निघाला आहे, तो कसा? उत्तर दोन मिनिटांत मिळावे अशी त्यांची इच्छा असते. ते देता येत नाही असा माझा अनुभव आहे. आपल्या बडोद्याच्या घरांत पाणी आजवर कसे तापत आले, हे आधी पाहिले तर मात्र उत्तर बरेचसे आपोआप मिळते. म्हणून हा लेख.

आपली मंडळी गायकवाडांबरोबर या शहरात आली त्याला पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. इथला उन्हाळा असा की वर्षातले सात-आठ महिने अंघोळीला ऊन पाणी लागतच नाही. जुन्या पिढीत धडधाकट माणसाने बारा महिने थंड पाण्यानेच नहायचे, ही रीत होती. ऊन पाणी असे ते म्हाताऱ्यांना, तान्ह्या मुलांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना. एवढ्या पाण्यासाठी वेगळा जाळ करणे परवडण्यासारखे नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. स्वयंपाकघरातल्या चुलीला जोडून वैल असायचा. चुलीतला जाळ तव्याखालून पुढे सरकून वैलाच्या तोंडाशी येई आणि तिथे ठेवलेले तपेले भाकऱ्या होईपर्यंत आपोआप तापे. कारखान्यात आज वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवायची यंत्रणा बसवतात आणि तिचे मोठे कौतुक होते. आपल्या पणज्या ते काम चुलीशी बसून रोज करत होत्या.

माणसे वाढली, एकत्र कुटुंबे वीस-पंचवीस माणसांची झाली, तेव्हा न्हाणीघरात वेगळे चुलाणे आले. त्यावर मोठा हंडा, बाजूला घंगाळ, आणि एका हाताने विसण घालत दुसऱ्या हाताने पाणी कितपत ऊन आहे ते पाहायचे. 'विसण' हा शब्द माझ्या मुलांना ठाऊक नाही, कारण नळाच्या दोन चकत्या फिरवून ते काम होते. चुलाण्याचा दोष हा की जाळ उघडा. हंड्याच्या बुडाला जेवढा लागेल तेवढा लागला, बाकीचा दोन्ही बाजूंनी वर निघून गेला आणि धूर छपराला काळे करत राहिला.

बंबाने नेमका हाच दोष काढला. मूळ पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला असे मानतात. म्हणूनच आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो आणि गुजरातीत दोन्हींना बंबो म्हणतात. तांब्याचे उभे गोल भांडे, त्याच्या मधोमध वर-खाली आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी, त्याखाली राखेची जागा. लाकडे, ढलप्या, शेणी, नारळाच्या करवंट्या, जे मिळेल ते नळीत टाकायचे. पाणी नळीच्या भोवती. म्हणजे विस्तवाच्या चहूबाजूंनी पाणी, आणि धूर बाहेर पडण्याआधी त्याची उष्णताही पाण्यातच जाणार. रशियातल्या चहाच्या समोवारची रचना हीच आहे. वाफेवरच्या आगगाडीच्या बॉयलरमध्येही धुराच्या नळ्या पाण्यातूनच नेलेल्या असत. आमच्या पॉलिटेक्निकच्या सरांनी फायर ट्यूब बॉयलर शिकवताना फळ्यावर आकृती काढली, तेव्हा वर्गातली आम्ही दोन-तीन मराठी मुले एकमेकांकडे पाहून हसलो होतो. घरी रोज पाहिलेली वस्तूच ती, फक्त आडवी केलेली.

पुण्याच्या तांबट आळीत बंब घडवत. आपल्याकडे तेच काम कंसाऱ्याकडे जाई. काही बंबांना तळाशी चकली असे, तर काहींत वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. या दुसऱ्या प्रकारात एक शिस्त आपोआप येई. ज्याला ऊन पाणी हवे, त्याने आधी तेवढे गार पाणी भरायचे. दुसरा कडक नियम असा की पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, नाहीतर तांब्याची झाळ सुटे आणि बंब गळायला लागे. पहिली अंघोळ ज्याची त्याने पेटवायचा, शेवटची ज्याची त्याने राख काढायची, असा बऱ्याच वाड्यांतला कायदा होता. प्रत्यक्षात पेटवणे आणि राख काढणे दोन्ही बहुधा घरातल्या सुनांच्या वाट्याला येई. बंबाबद्दल हळवे होऊन लिहिणारे आपण बहुतेक पुरुषच आहोत, हेही इथे सांगून टाकतो. पहाटे चारला उठून ओल्या लाकडांवर फुंकणी मारणाऱ्या बाईला त्या बंबाची आठवण तितकी गोड असेलच असे नाही.

याच काळात शहरात दुसरा मोठा बदल झाला. १८९२ मध्ये सयाजीराव महाराजांनी आजव्याच्या तलावाचे पाणी बडोद्यात आणले. तोवर विहिरीवरून पाणी ओढून आणायचे, म्हणजे ते मोजूनच वापरले जाई. पाणी नळाने घरात आल्यावर अंघोळ सोपी झाली. आजही आपले पाणी आजवा सरोवर आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून येते, तर शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत बोअरचे जड पाणी असते. हा फरक लक्षात ठेवा. गिझर घेताना तो कामाला येणार आहे.

बंबाच्या जागी आज भिंतीवर जे डबे टांगलेले दिसतात, त्यांचे कूळ परदेशातले आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन नावाच्या रंगाऱ्याने १८६८ मध्ये गॅसवर चालणारे, नळ सोडताच ऊन पाणी देणारे यंत्र काढले. आइसलंडमधल्या 'गेसिर' या उसळत्या उन्हाळ्यावरून त्याला 'गीझर' नाव पडले. (उन्हाळे म्हणजे ऊन पाण्याचा झरा. आपल्याला पाहायचे असले तर गोध्र्याजवळ टुव्याला आहे, दक्षिणेला उनाईला आहे.) मॉघनच्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते. बंबाला धुराडे होते, या नव्या यंत्राला नव्हते. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे. नंतर १८८९ च्या सुमारास अमेरिकेत एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या इंजिनियरने पाणी साठवून आपोआप तापवणारा हीटर बनवला. आजच्या साठवणीच्या गिझरचा तो पूर्वज.

सूर्यावर पाणी तापवायची यंत्रेही तितकीच जुनी आहेत, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. आपण सोलरला नवी गोष्ट समजतो. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. काळी रंगवलेली टाकी, ती लाकडी पेटीत, वर काच. दुपारी पाणी छान तापे, पण सूर्य मावळला की तासा-दोन तासांत गार. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने पाणी तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली. तापणाऱ्या नळ्या काचेखाली, आणि टाकी त्यांच्यापेक्षा उंचावर, चांगली गुंडाळलेली. ऊन पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते, पंप लागत नाही. त्याने नावच ठेवले 'दिवस आणि रात्र'. आज बडोद्याच्या अगाशीवर जो सोलर दिसतो, त्याचे तत्त्व तिळमात्र बदललेले नाही. पण १९२० नंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले, स्वस्त गॅस घरात आला, आणि चांगला चालणारा सोलर लोकांनी सोडून दिला.

कॅलिफोर्नियाची ही हकीकत एवढ्यासाठी सांगितली की आपल्या शहरातही पुढे जवळजवळ तेच घडले. खंभातला आणि अंकलेश्वरला तेल लागले, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आणि १९७२ पासून बडोद्याच्या नगरपालिकेने नळाने घरगुती गॅस द्यायला सुरुवात केली. नैसर्गिक वायू असा घराघरांत पोहोचवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या शहरांत आपले शहर आहे. मुंबई-पुण्याचे नातेवाईक सिलिंडरचा नंबर लावून बसत, तेव्हा दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या घरांत चकली फिरवली की गॅस. लाकडाच्या वखारी एकेक करून बंद पडल्या. दुसरीकडे वीज मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच रेसकोर्स भागात, आणि वीज घरोघर. बालदीत सोडायचा रॉड आला, मग भिंतीवरचा विजेचा गिझर. बंब आधी माडीवर गेला, मग कोपऱ्यात, आणि शेवटी वाडा विकला तेव्हा वजनावर कंसाऱ्याकडे. काही घरांत तो घासूनपुसून दिवाणखान्यात उभा आहे, त्यात मोरपिसे खोचलेली असतात.

गंमत अशी की सोलरचा प्रसार करणारी संस्थाही याच शहरात उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटाने जगाचे डोळे उघडले होते. १९७९ मध्ये गुजरात सरकारने 'गेडा', म्हणजे ऊर्जा विकासासाठी वेगळी संस्था काढली. तिचे कार्यालय आता गांधीनगरला आहे, पण कित्येक वर्षे ते आपल्या सयाजीगंजात होते. वल्लभ विद्यानगरची अपारंपरिक ऊर्जेवर संशोधन करणारी संस्थाही त्याच वर्षाची. केंद्रात त्यासाठी स्वतंत्र विभाग झाला तो १९८२ मध्ये. इतके हाताशी असूनही आपल्या अगाश्यांवर सोलर सरसकट का दिसत नाहीत? मला कारण तेच दिसते, कॅलिफोर्नियाचे. घरात गॅस होता. गरज वाटली नाही.

आता हिशेबाकडे येतो. चौघांचे कुटुंब, माणशी वीस लिटरची एक बालदी, म्हणजे ऐंशी लिटर. थंडीत टाकीचे पाणी २० अंश सेल्सिअस आणि अंघोळीचे ४२ अंश धरा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. ऐंशी गुणिले बावीस, म्हणजे १७६० किलोकॅलरी. ८६० किलोकॅलरीचे एक युनिट होते, म्हणजे दोन युनिटांहून थोडे अधिक. वैलावर तापवा, बंबात तापवा, नाहीतर लाखाच्या यंत्रात तापवा, पाण्यात शिरणारी उष्णता एवढीच. ती कुणाला कमी करता येत नाही. कमी करता येते ते दोनच गोष्टींत. वाटेत वाया जाते ते, आणि पाणी किती घेतो ते.

आधी पाण्याचे. साधा शॉवर मिनिटाला आठ लिटर सोडतो असे धरले तर दहा मिनिटांत ऐंशी लिटर. चौघांच्या बालद्यांचे पाणी एकटा मुलगा गाणे ऐकत संपवतो. 'बिल फार येते, गिझर बदलायचा आहे' असे म्हणणाऱ्या घरात मी आधी न्हाणीघर पाहतो. पुष्कळदा गिझर ठीकच असतो.

आता वाया जाण्याचे. विजेच्या गिझरवर जे तारे असतात, त्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते, पाच ताऱ्यांचा गिझर कमी विजेत पाणी तापवतो. तसे नाही. पाण्यात बुडालेले कॉइल जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलते. दोनशे रुपयांचा रॉडही त्या बाबतीत मागे नाही. तारे मोजतात ते तापवलेले पाणी नुसते पडून राहिले तर चोवीस तासांत किती उष्णता गळते ते, म्हणजे डब्याची गुंडाळी किती चांगली आहे ते. जुना, पातळ गुंडाळीचा पंचवीस लिटरचा गिझर दिवसभर चालू राहिला तर अर्धे ते एक युनिट नुसते भिंती तापवण्यात घालवतो. ज्या घरी आजी-आजोबा आहेत, दिवसातून चार वेळा ऊन पाणी लागते, तिथे पाच तारे घ्यावेत. जिथे सकाळी पंधरा मिनिटे चालू करून चौघे पाठोपाठ नहातात आणि बटण बंद होते, तिथे तीन आणि पाच ताऱ्यांत नावापुरता फरक पडेल. बंबाच्या काळात एकामागून एक नहायची जी रांग लागे, ती चांगल्या गिझरइतकीच वीज वाचवते, आणि फुकट.

विजेचा एक तोटा मात्र आपल्याला घरात दिसत नाही. मही नदीकाठच्या वणाकबोरीसारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, त्यातल्या उष्णतेची ढोबळमानाने एक तृतीयांश वीज होते. बाकीची तिथेच हवेत आणि पाण्यात जाते. म्हणजे आपल्या दोन युनिटांच्या ऊन पाण्यासाठी तिकडे सहा युनिटांइतका कोळसा जळला. न्हाणीघरातला धूर गेला असे आपण म्हणतो. तो वणाकबोरीला गेला.

गॅसचा हिशेब या दृष्टीने चांगला. जाळ घरात, उष्णता थेट पाण्याला. शंभरातले ऐंशी भाग पाण्यात उतरले असे धरले तर तेच ऐंशी लिटर पाव घनमीटर नैसर्गिक वायूत तापतात. सिलिंडरचा गॅस असेल तर दोनशे ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर फक्त अंघोळीला सत्तर दिवस पुरेल. नळाचा गॅस असलेल्या बडोदेकराला इंधनापुरता तरी हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. पण मॉघनने १८६८ मध्ये जी गोष्ट सोडली होती, ती आपण आजही सोडतो. धुराडे. हा गिझर लहानशा न्हाणीघरात लावायचा, वर झरोका थंडी येते म्हणून पुठ्ठ्याने बुजवायचा, दार लावायचे. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जोराने चिकटतो. माणूस गुदमरत नाही, ओरडत नाही. डोके जड होते, पाय लुळे पडतात आणि तो खाली बसतो. माझ्या ओळखीच्या एका घरी कॉलेजला जाणारी मुलगी अशीच पडली. आईला पाण्याचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून संशय आला, कडी तकलादू होती म्हणून दार उघडले, आणि मुलगी वाचली. दरवर्षी थंडीत वर्तमानपत्रांत याच कारणाने गेलेल्यांच्या बातम्या येतात. त्यात नवी जोडपी असतात, लहान मुले असतात. तेव्हा स्पष्ट सांगतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत नको. बाहेर, मोकळ्या गॅलरीत लावा, फक्त पाण्याची नळी आत आणा. ज्यांच्या घरी आज आत आहे, त्यांनी दिवाळीची वाट पाहू नये.

सोलरबद्दल मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो. बडोद्यात पावसाळा सोडला तर ऊन भरपूर. दोन चौरस मीटरचा पत्रा शंभर लिटर पाणी देतो, आणि असा एक सोलर वर्षाला सुमारे १५०० युनिटे वाचवतो, असा सरकारी अंदाज आहे. तो ज्या घरात बारा महिने ऊन पाणी वापरतात त्यांच्यासाठी खरा. आपण चार-पाच महिनेच वापरणार असू तर त्यातली निम्मीही वाचणार नाहीत, हे विक्रेता सांगत नाही. दुसरी अडचण नळीची. पाऊण इंची लोखंडी नळीत मीटरला एक तृतीयांश लिटरहून जास्त पाणी मावते. अगाशीपासून तळमजल्यापर्यंत पंचवीस मीटर नळी असली तर पहाटे आधी नऊ लिटर गार पाणी बाहेर येणार, तेव्हा कुठे ऊन पाणी सुरू होणार. पहिला नहाणारा ते मोरीत सोडून देतो. बैठ्या घराला, रो-हाउसला सोलर उत्तम. चार मजली इमारतीच्या पहिल्या मजल्याला तो आवडत नाही, आणि त्याचे कारण ही नळी. ती गुंडाळून घेतली आणि पाणी फिरते ठेवले तर अडचण पुष्कळ कमी होते.

तिसरी अडचण बोअरच्या पाण्याची. जड पाण्यातला क्षार तापलेल्या भागावर बसतो, मग तो सोलरच्या काचनळ्यांत असो, तांब्याच्या नळ्यांत असो किंवा गिझरच्या कॉइलवर. पाणी जितके जास्त तापवाल तितका तो वेगाने धरतो. म्हणून गिझरचा काटा पंच्याहत्तरवर ठेवून मग निम्मे विसण घालण्यात शहाणपण नाही, पंचावन्न-साठ पुरते. विजेच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजून टाकी वाचवते. बोअरच्या पाण्यावर ती दोन-तीन वर्षांत संपते. मी आजवर ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांना अशी कांडी असते हेच माहीत नव्हते. बोअरवर राहणाऱ्यांनी सोलर घेताना टाकीतले पाणी आणि नळ्यांतले पाणी वेगळे ठेवणारा प्रकार मागावा. किंमत जास्त आहे, पण नळ्या तुंबत नाहीत.

आणि हीट पंप. हे यंत्र उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकते. आपला फ्रिज मागच्या जाळीतून जी उष्णता बाहेर फेकतो, तीच युक्ती. एक युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता पाण्यात जाते. म्हणजे आपले दोन युनिटांचे काम पाऊण युनिटाच्या आत होते. बडोद्याची हवा ऊबदार, म्हणून हे यंत्र इथे हिमाचलापेक्षा चांगले चालेल. यंत्र महाग आहे, थोडा आवाज करते, मोकळी हवा मागते. चौघांच्या घराला किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे लागतील. सहा-आठ घरांनी मिळून एक मोठा घेतला तर गणित बदलते.

२०२४ पासून छतावरच्या सौर विजेसाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि घरगुती छतांवर गुजरात देशात आघाडीवर आहे. त्यामुळे नवा पेच असा की अगाशी एकच, आणि तिच्यावर विजेचे पत्रे लावायचे की पाण्याचे? पाणी तापवणारा पत्रा उन्हातले निम्मे पाण्यात उतरवतो. विजेचा पत्रा उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतो, पण तीच वीज हीट पंपाला दिली की तिप्पट होते आणि हिशेब बरोबरीचा होऊन बसतो. वर उन्हाळ्यात ऊन पाणी नको असते तेव्हा ती वीज पंख्याला आणि एसीला लागते. इतकी वर्षे सोलरच्या ऊन पाण्याची बाजू घेणारा मीही आता म्हणेन की बारमाही ऊन पाणी लागणारे वसतिगृह, दवाखाना, मंगल कार्यालय असेल तर पाण्याचा सोलर. आपल्यासारख्या घराला, अगाशी लहान असेल तर विजेचे पत्रे.

हा नुसता पुस्तकी वाद नाही. आमचा जुना वाडा पाडून नवी इमारत बांधायचे भाऊबंदांत ठरत आले आहे, आणि मंडळातल्या अनेक घरांत आज हेच चालू आहे. करारात लाद्या, खिडक्या, लिफ्ट, पार्किंग यांची चर्चा तासन्‌तास होते. अगाशी कुणाची, हे मात्र एका ओळीत येते, आणि पुष्कळदा ती ओळ बिल्डरच्या बाजूची असते. वरच्या फ्लॅटबरोबर अगाशी विकली की खालच्या सात घरांना सूर्य बंद. आम्ही तीन गोष्टी लिहून मागितल्या आहेत. अगाशीवर सर्वांचा समान हक्क. प्रत्येक घरापर्यंत गुंडाळलेली ऊन पाण्याची वेगळी नळी, भिंती बांधतानाच. गॅसच्या गिझरसाठी गॅलरीत जागा आणि पाइप, न्हाणीघरात नाही. बिल्डर पहिल्या मुद्द्यावर अडला आहे. आमच्या धाकट्या काकांचे म्हणणे, एवढ्यासाठी करार लांबवू नये. मोठ्या काकूंचे म्हणणे, लांबला तरी चालेल, आयुष्याची वीस वर्षे मी बंब पेटवला आहे. पुढची बैठक कोजागिरीच्या आधीच्या रविवारी आहे.